तेराची चाकं

सुरुवातीलाच सांगून टाकते, मला त्या चाकांची काहीएक गरज नव्हती. गाडीची जुनी चाकं धडधाकट होती, टायर अजून बराच काळ गेले असते, आणि नव्या चाकांनी गाडी काही विमान होणार नव्हती. गरज होती असं म्हटलं की माणसं लगेच समजून घेतात, माफ करतात. मला माफी नको आहे. मला ती चाकं आवडली, म्हणून मी ती बसवली. गरिबाच्या पोरीनं मागायचंच झालं तर उपयोगाचं मागावं, असा एक कुठेही न लिहिलेला कायदा आहे. शिलाई मशीन मागावी, कुकर मागावा, फार तर मनगटी घड्याळ, तेही कामावर वेळेत पोहोचायला. तो कायदा मी मोडला आणि त्यावरून आमच्या भाऊबंदकीत जे रामायण झालं, ते आज इतक्या वर्षांनी सांगतानाही माझा आवाज चढतो. चढू दे.

आम्ही सुरतेत लिंबायतला राहायचो, रेल्वेच्या गरनाळ्यापलीकडे, म्हणजे रुळांखालच्या बोगद्यापलीकडे. गल्लीत खाली लूमखाती, म्हणजे यंत्रमागांचे कारखाने, आणि वर माणसं, अशी रचना. दिवसभर खटाखट चालू असायची आणि तिची इतकी सवय होती, की सुट्टीच्या दिवशी खाती बंद पडली की पाळण्यातली बाळं त्या शांततेनं दचकून जागी व्हायची. भांड्यांवर, पापडांवर, माणसांच्या भुवयांवर सुताची बारीक पांढरी लव बसलेली असायची. आबा, म्हणजे माझे वडील, यांचं सगळं तारुण्य त्या लूमवर गेलं आणि त्याबरोबर त्यांचे कानही. डावा साफ गेला होता, उजवा अर्धामुर्धा उरला होता. त्यामुळे आमच्या घरात कुजबूज नावाचा प्रकारच नव्हता. 'मीठ दे' हेसुद्धा ओरडून सांगायचं. घरातलं कुठलंही गुपित चुलीवरचं वरण उकळायच्या आत गल्लीच्या टोकाला पोहोचायचं. मी आबांची एकुलती एक. माझ्या पाठीवर कुणी जगलं नाही, आणि त्याबद्दल माय, म्हणजे माझी आई, कधी बोलायची नाही. रविवारी ती डुबुकवडे करायची, तिखटजाळ रश्शात बेसनाचे गोळे सोडायची आणि नाक पुसत म्हणायची, की मिरची लागली.

तीन दारं सोडून मोठेबाबा राहायचे, आबांचे थोरले भाऊ. सुरतेत आमच्यातला पहिला माणूस तेच. खानदेशातल्या गावाकडून आधी ते आले, मग आबांना आणलं, खात्यावर चिकटवून दिलं, खोली बघून दिली. त्यामुळे आबा त्यांच्यापुढे कधी मान वर करून बोलले नाहीत. गंमत अशी, की माय शेजारी उभी राहून हाका मारायची तरी आबांना पत्ता नसायचा, पण मोठेबाबांची हाक गल्लीच्या टोकावरून आली तरी ती त्यांना बरोबर ऐकू यायची आणि ते हातातलं ताट ठेवून उठायचे. माय म्हणायची, "एक कान दादासाठे राखी ठेयेल शे."

मोठेबाबा आणि मोठीमाय यांना चार मुलगे. हे सांगायचं कारण म्हणजे कानबाई. श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. नारळाची देवी, तिला नथ, तिला साडीचोळी, सोमवारी सकाळी वाजतगाजत तापीवर. आमची गावाकडची तापी तीच आणि सुरतेतलीही तीच, त्यामुळे देवीला परकं वाटत नसावं. सगळ्या भाऊबंदांची मिळून एकच कानबाई, आणि ती मोठेबाबांकडे. तिचे रोट करायचे असतात. त्यासाठी गहू काढायचे ते घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ. एक भरलेली मूठ आणि वर एक चिमटी. तान्हा पोरगा असला तरी त्याच्या नावाची मूठ पडते, आणि बाई ऐंशी वर्षांची असली तरी तिच्या नावाची पडत नाही. ते गहू दळायचे बाईनं, रोट थापायचे बाईनं, लाल भोपळ्याची भाजी आणि खीर शिजवायची बाईनं. मूठ मात्र पुरुषाची. मोठेबाबांच्या घरातून पोरं, नातवंडं धरून सूप अर्धं भरायचं. मग आबा पुढे व्हायचे, आपली एक मूठ टाकायचे आणि मागे सरकायचे. लहानपणापासून मी ते बघत आले. आबांची ती मागे सरकण्याची पद्धत मला कधीच सहन झाली नाही.

आता गाडीकडे येते. मॅट्रिक झाल्यावर मी घरी साड्यांना लेस लावत बसले होते, तेव्हा उधन्याला मोटर ड्रायव्हिंग स्कूल चालवणाऱ्या जयंतीभाईंना एक बाई हवी होती. कापडबाजारातल्या शेठाण्यांना गाडी शिकायची हौस आली होती, पण शेजारी पुरुष मास्तर बसलेला त्यांच्या घरी चालत नव्हता. मला गाडी येत नव्हती. जयंतीभाईंनी आधी मला शिकवली, लायसन काढून दिलं, आणि मग मी शेठाण्यांना शिकवू लागले. मोठेबाबा म्हणाले, ड्रायव्हर पोरीला करून घेणार कोण? आबांना ते ऐकू आलं होतं, तरी दुसऱ्या दिवशी मी निघताना ते फक्त म्हणाले, "हळू जाय." मी गेले. त्या शेठाण्या चपला काढून पेडलवर पाय ठेवायच्या, म्हणजे क्लच समजतो असं मी त्यांना सांगितलं होतं, आणि गाडी बंद पडली की माझ्याकडे बघून हसायच्या. माझ्या पायाशी दुसरा क्लच आणि दुसरा ब्रेक होता. त्या काळात माझ्या आयुष्यात ब्रेक माझ्या पायाखाली असलेली ती एकच जागा होती.

काही वर्षांनी जयंतीभाईंनी नव्या गाड्या घेतल्या, तेव्हा त्यातली एक जुनी मी पगारातून कटवून घेतली. पांढरी, आठशे सीसीची, डबीएवढी. माझ्या बाजूचे पेडल काढून टाकले, दारांवरचा तांबडा 'एल' खरवडला. पण उन्हात बघितलं तर तो 'एल' पुसट दिसायचाच. रिंग रोडवर रिक्षावाल्यांना ती गाडी पाठ होती. मी दिसले की एकमेकांना ओरडायचे, "आघा रहेजो, लेडीज छे." दूर राहा, बाई आहे. त्यांच्या बायका ज्यांच्या घरी कामाला जायच्या, त्या शेठाण्यांना रोज गाडी शिकवणारी मी, आणि शिकाऊ मीच. तो 'एल' मला अंगावर डागल्यासारखा वाटायचा.

हर्षाबेन म्हणून माझी एक विद्यार्थिनी होती, नवरा हिऱ्याच्या धंद्यातला. त्यांच्या पार्किंगमध्ये एका कोपऱ्यात कापड टाकून चार मॅग व्हील ठेवलेली मी पाहिली. आता ज्याला सगळे अलॉय म्हणतात, त्याला तेव्हा आम्ही मॅग व्हीलच म्हणायचो. पाच पाकळ्यांची, चांदीसारखी, मधे हात घालून पलीकडचा ब्रेक दिसावा अशी मोकळी. त्यांच्या मोठ्या गाडीची होती, नवी आली म्हणून ही पडली होती. मी कापड बाजूला केलं ते परत टाकलंच नाही. हर्षाबेन म्हणाल्या, "तारी गाडीने शोभशे?" तुझ्या गाडीला शोभतील का? म्हटलं, शोभवू की.

भाठेनाला युसुफभाईंचं टायरचं दुकान होतं. त्यांनी चाकं उलटीपालटी करून बघितली, बोल्टची चारही भोकं जुळत होती. अडचण मापाची. माझ्या गाडीची चाकं बारा इंची, ही तेराची, शिवाय रुंद. ते म्हणाले, "रत्नाबेन, अकेली चलाओगी तो मक्खन. पीछे वजन आया, तो मडगार्ड से घिसेगा." मी म्हटलं, मला एकटीलाच चालवायची आहे. हे वाक्य बोलताना मला फार बरं वाटलं. आमच्या घरात एकट्या माणसानं गाडीत बसणं म्हणजे काय, हे कुणाला ठाऊकच नव्हतं. त्यांनी टायर चढवले, जुने नट या चाकांना बसत नाहीत म्हणून दुसरे आणले, आणि जॅक खाली केला. गाडी दोन बोटं उंच झाली. मी चारही बाजूंनी फिरून बघितलं. दारावरचा 'एल' अजून होताच, पण आता त्याच्याकडे कुणाची नजर जाणार नव्हती.

तोटे सगळे झाले, ते लपवत नाही. स्टिअरिंग इतकं जड झालं की वळताना दंड भरून यायचे. पिकअप गेला. चाक मोठं झाल्यामुळे मीटर कमी वेग दाखवायचं, ते चाळीस म्हणायचं तेव्हा मी पुढेच असायचे. तेही मला आवडलं. जयंतीभाई दारात येऊन हसले, "अरे बेन, मच्छरना पगमां बूट!" मच्छराच्या पायात बूट. मी म्हटलं, मच्छरालाही काटे टोचत असतील की. रिक्षावाल्यांनी पहिल्या दिवशी काही न बोलता वाट दिली. माय मात्र कपाळाला हात लावून बसली. "पोरीची जात, एवढा थाट कशाला? उद्या पाहुणे आले तर काय सांगू त्यांना?" मी म्हटलं, पाहुण्यांना फिरवून आण. जुनी चारही चाकं मी खाटेखाली ढकलली. मोठेबाबा संध्याकाळी आले, गाडीभोवती फिरले आणि विचारलं, "हाई काय वं रत्ना? गाडीले पैंजण घाली दिन्हात का?" मी म्हटलं, "पैंजण नहीत मोठेबाबा, बूट शेतस." ते हसले नाहीत. आबा ओट्यावर बसले होते, त्यांनी फक्त एका चाकाच्या पाकळीवरून अंगठा फिरवला, जसा ते कापडाचा पोत बघायला फिरवायचे.

आषाढात आत्याच्या नातवाचं जावळ होतं, चलथाणला. आत्याचे यजमान तिथल्या साखर कारखान्यात होते. मोठेबाबांनी परस्पर ठरवलं, की आपण रत्नाच्या गाडीनं जाऊ. आपण म्हणजे किती, हे विचारायची आमच्यात पद्धत नाही. खानदेशी माणूस मेला तरी 'जागा नाही' म्हणणार नाही. पंगतीत नाही, खोलीत नाही, गाडीत तर नाहीच. पुढे मोठेबाबा, त्यांच्या मांडीवर एक नातू. मागे मोठीमाय, माय, आबा, दिलीपची बायको, दिलीप स्वतः अर्धा खिडकीत, त्यांच्या मधल्या फटींमध्ये पोरं, आणि पोरांच्या मांडीवर शेवेचा डबा. दिलीप म्हणजे मोठेबाबांचा थोरला. गाडी निघाली तशीच खाली बसली. मला युसुफभाई आठवले, पण बोलणार काय?

गरनाळ्यातच पहिला आवाज आला. घर्रर्र. पोरं हसली. हायवेला लागल्यावर प्रत्येक खड्ड्याला घर्रर्र, प्रत्येक वळणाला घर्रर्र, आणि कडोदऱ्याच्या पुढे रबराचा जळका वास गाडीत शिरला. मोठीमायनं पदर नाकाला लावला. मोठेबाबा म्हणाले, "गाडी थांबाड." मी उसाच्या शेताशेजारी थांबवली. सगळे उतरले, चाकांकडे बघू लागले. आता इथं मी जे बोलले, ते आमच्या सात पिढ्यांत कुणी बोललं नसेल. मी म्हटलं, "मोठेबाबा, वझं जास्ती व्हई गयं. तीन जण रिक्षामा या, मंग आवाज येवाव नही."

मोठेबाबा शांतपणे म्हणाले, "कोन तीन जण? नाव ले."

नाव कुणाचं घेणार? मोठीमायला उतर म्हणावं, तर ती मोठी. सुनेला म्हणावं, तर सून घरची राहिली नाही असा अर्थ. आईबापाला म्हणावं, तर माझीच नामुष्की. मोठेबाबांनी नातवाचा हात धरला आणि चलथाणच्या दिशेनं चालू लागले. त्यांच्यामागे मोठीमाय, तिच्यामागे दिलीप, त्याची बायको, पोरं, शेवेचा डबा, आणि शेवटी, एकदा माझ्याकडे आणि एकदा भावाच्या पाठीकडे बघून, मान खाली घालून आबा आणि माय. मी गाडीत बसले आणि पहिल्या गिअरमध्ये त्यांच्यामागून निघाले. एवढी मोठी वरात रस्त्याच्या कडेनं पायी, आणि मागून झगझगीत चाकांची रिकामी गाडी, जिच्यातून आता जरासुद्धा आवाज येत नव्हता. ट्रकवाले हॉर्न वाजवून बघत जात होते. आज ते चित्र आठवलं की मला हसू येतं. तेव्हाही थोडं आलं होतं, खोटं कशाला बोलू? मळीचा वास यायला लागला तेव्हा आत्याचे यजमान स्कूटरवरून समोर आले, त्यांना वाटलं अपघात झाला.

जावळ झालं, जेवणं झाली, परतताना सगळे बसनं आले. मी दुसऱ्याच दिवशी युसुफभाईंकडे गेले. त्यांनी मडगार्डची आतली कड हातोडीनं ठोकून आत वळवली, मागच्या बाजूला जरा उंची दिली, आणि आपली दुकानातली चार धट्टीकट्टी माणसं मागच्या सीटवर बसवून गाडी खड्ड्यातून नेऊन दाखवली. आवाज नाही. मी तडक मोठेबाबांच्या दारात गाडी उभी केली. म्हटलं, "आवाज गया, मोठेबाबा. सगळा जण बठीसन देखा."

ते ओट्यावरून उठले नाहीत. म्हणाले, "आवाज गया व्हई. चाकं त शेतच ना?" आणि मग पुढचं आबांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलले, म्हणजे ते सगळ्या गल्लीनंच ऐकलं. "गहू काढाना दिवसलगून त्या चाकं उतरी जायेल पाह्यजेत. नही त भिकननी मूठ सुपमा पडाव नही." भिकन म्हणजे माझे आबा.

मूठ न पडणं म्हणजे काय, ते बाहेरच्या माणसाला सांगून कळायचं नाही. मूठ नाही तर रोट नाही, रोट नाही तर भाऊबंदकी नाही. उद्या घरात मरण आलं तर खांद्याला माणूस नाही. गाव मागे राहिलेलं, सुरत आपली झालेली नाही, अशा माणसाच्या हातात ती एक सव्वा मूठ असते, आणि आबांच्या घरातून तर ती एकच जायची. माझ्या चार चाकांच्या बदल्यात ती मागितली होती. शहाण्या माणसानं चाकं उतरवली असती. जयंतीभाईंनी तेच सांगितलं, हर्षाबेननी तेच सांगितलं. मला रागानं झोप येईना. घासत होती म्हणून उतरव म्हणाले असते तर गोष्ट वेगळी. आता घासत नव्हती, तरी उतरव. म्हणजे चाकं जी खुपत होती, ती मडगार्डला नव्हेच.

मी मायला म्हटलं, आबा एक शब्द बोलले तर मी आत्ता उतरवते. आबा बोलेनात. रोज खात्यावर जात होते, येत होते, भाकरी खात होते. मी समोर बसून मोठ्यानं विचारलं, "आबा, उतराऊ का चाकं?" त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग ठेच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "आज मीठ कमी शे." माझा संताप संताप झाला. मायनं मात्र त्याच दिवशी एक काम केलं. खाटेखालून जुन्या चाकांतलं एक ओढून काढलं, त्याचा टायर मला सोडवून आणायला लावला, आणि ती लोखंडी रिम मोरीच्या कोपऱ्यात आडवी ठेवून तिच्यावर पाण्याचं मडकं बसवलं. मडकं असं फिट बसलं, जणू रिम त्याच्यासाठीच केलेली. "आता तीनच राहिली," ती म्हणाली, "तीन चाकांवर गाडी चालत नसंल ना?" आणि पीठ मळायला बसली.

गहू काढायच्या दिवशी सकाळी मी उठले तर आबा खाली गाडीपाशी उकिडवे बसले होते. हातात खात्यावरच्या सुताचा गुंता, शेजारी पाण्याचा डबा. एकेक पाकळी पुसत होते, आतून, बाहेरून, नटांच्या खाचांतून. मी म्हटलं, आबा, काढून कुणाला द्यायची आहेत का? म्हणून पुसताय? डाव्या बाजूनं विचारलं होतं मी. त्यांना ऐकू गेलं नाही, किंवा गेलं. चारही चाकं पुसून झाल्यावर त्यांनी सुताचा गुंता झटकला, टोपी घातली आणि चालू लागले. मी त्यांच्यामागून गेले. असल्या वेळी पोरी मागे मागे राहतात, मी दारात, अगदी उंबऱ्यापाशी उभी राहिले.

मोठेबाबांच्या घरात सगळे भाऊबंद जमले होते. पाटावर नवं सूप, त्याला हळदीकुंकवाची बोटं, शेजारी गव्हाचं पोतं. मोठीमाय सुपाशी बसलेली. एकेक पुरुष येत होता, मूठ आणि चिमटी टाकत होता. दिलीपनं आपली टाकली, मग आपल्या पोरांच्या नावानं टाकली, मधल्या भावानं टाकली. आबांची पाळी आली तेव्हा मोठेबाबांनी हात आडवा केला आणि माझ्याकडे बघितलं. "चाकं उतरनात का?"

"नही," मी म्हटलं. "आन उतरावही नहीत."

बायकांनी पदर तोंडाला लावले. मोठेबाबा आबांकडे वळले. "भिकन, मांगे सर."

आबा मागे सरकले नाहीत. त्यांनी पोत्यात हात घातला, मूठ भरून काढली आणि मोठेबाबांच्या आडव्या हाताखालून वाकून सुपात टाकली. वर चिमटी. "हाई मनी." मग पुन्हा पोत्यात हात घातला. आम्हाला सगळ्यांना वाटलं ते ती परत घेत आहेत की काय. त्यांनी दुसरी मूठ काढली, पहिलीपेक्षा भरलेली, दोन दाणे बोटांच्या फटीतून जमिनीवर पडले. "आन हाई रत्नानी." आणि वर चिमटी.

मोठेबाबा म्हणाले, "भिकन, आंडेरनी मूठ ऱ्हास का कोठे?" आंडेर म्हणजे मुलगी.

आबा त्यांच्याकडे बघत राहिले. मोठेबाबांनी आवाज चढवला, तेच वाक्य पुन्हा म्हटलं. खाली खाती चालू होती, पण त्यांचा आवाज एवढाही नव्हता. जो माणूस या आवाजाला हातातलं ताट ठेवून उठायचा, त्यानं उजव्या कानामागे हात धरला आणि नम्रपणे म्हटलं, "काय म्हने दादा? ऐकू येत नही."

मोठेबाबांनी तिसऱ्यांदा तोंड उघडलं असेल नसेल, तेवढ्यात मोठीमायनं सूप उचललं आणि पाखडायला घेतलं. सर्र, सर्र. चार मुलगे, नातवंडं, आबा, मी, सगळे गहू वर उडाले आणि एकमेकांत मिसळून खाली आले. कानबाईच्या नावानं सुपात पडलेला दाणा परत निघत नाही, आणि आता तो कुठला, हे सांगायलाही कुणी उरलं नव्हतं. मोठेबाबा तिच्याकडे बघत राहिले. ती खडे वेचत होती, तिनं मान वर केलीच नाही.

त्या वर्षीचे रोट त्या पिठाचे झाले. सगळ्यांनी खाल्ले, मोठेबाबांनीही खाल्ले. सोमवारी देवी मोठीमायच्या डोक्यावरून तापीवर गेली आणि मी गाडी घेऊन मागे होते, चारही चाकं चकचकीत. परत येताना मोठीमायचे गुडघे भरून आले तेव्हा ती सरळ येऊन पुढच्या सीटवर बसली, मागे माय, दिलीपची बायको, पोरं. मोठेबाबा चालत घरी आले. त्यांचाही पीळ होता, आणि पीळ असलेली माणसं मला आवडतात. माझ्या गाडीत ते शेवटपर्यंत बसले नाहीत.

आता गाडी घ्यायला गेलं की दुकानदार स्वतःच विचारतो, अलॉय घेणार ना बेन? मोठेबाबांची नात, माझी भाची, म्हणते, आत्या, चाकांवरून एवढं भांडण कसं काय होऊ शकतं? ती डबी केव्हाच विकली, चाकं तिच्याबरोबर गेली. लोखंडी रिम अजून माझ्या घरात मडक्याखाली आहे. पुढे माझं लग्नही झालं, आणि लग्न झालेल्या मुलीला तर कानबाईच्या रोटाचा घाससुद्धा चालत नाही. तरी आबा होते तोवर दरवर्षी माझ्या नावाची मूठ सुपात पडली. आबा गेल्यावर मीच जाते. आता कानबाई दिलीपकडे बसते, त्याचे केस पांढरे झाले आहेत. मी वाकून पोत्यात हात घालते, मूठ भरून घेते, वर चिमटी टाकते. दिलीप दरवर्षी न चुकता म्हणतो, "ताई, लगीन व्हयेल आंडेरनी मूठ नही ऱ्हास."

मी उजव्या कानामागे हात धरते. मला ऐकू येत नाही.